शर्यतीत कोणीच नव्हतं

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे, ईलिंग

आई,

आत्ता मी मागच्या चाकाला नवा टायर चिकटवत होतो. गोंदाचा पहिला थर वाळेपर्यंत काही करता येत नाही, तेवढ्यात हे पत्र. आईला तीर्थरूप लिहितात की तीर्थस्वरूप, ते आठवेना. सांगलीला सातवीत मला पत्रलेखनात पूर्ण मार्क होते. म्हणून नुसतं आई.

मराठीत लिहितो आहे, कारण फेब्रुवारीत तू म्हणाली होतीस, "इंग्रजीत तू वकिलासारखा बोलतोस. मराठीत बोल, म्हणजे खरं काय ते मला कळेल." आणि कागदावर लिहितो आहे, कारण कालपासून फोनच्या स्क्रीनकडे बघायचा कंटाळा आला आहे. उजेड टोचतो. नोव्हेंबरात सगळ्यांचंच असं होत असेल.

मी ठीक आहे, हे आधी सांगतो. काल स्ट्रॅटफर्डच्या ट्रॅकवर लीगची आमची पाचवी फेरी होती. चौथ्या शर्यतीत मी पडलो. एकटा नाही, चौघं पडलो. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली आहे. मांडीत ट्रॅकच्या लाकडाचं कुसळ गेलं होतं, ते तिथल्या डॉक्टरबाईंनी चिमट्याने काढलं. हेल्मेटला चीर गेली, पण हेल्मेट त्यासाठीच असतं.

तू एकदाही बघायला आली नाहीस, म्हणून समजावून सांगतो. आमच्या सायकलींना ब्रेक नसतात आणि पाय थांबवता येत नाहीत. चाक फिरतं तोवर पॅडल फिरतं. आमची शर्यत जोडीची असते, तिला मॅडिसन म्हणतात. जोडीतला एक जण खाली शर्यतीत जीव तोडून पळतो. दुसरा वर, उतरत्या ट्रॅकच्या कडेला, हळूहळू फिरत दम खातो. खालचा दमत आला की वरचा खाली उतरतो, मग खालचा त्याचा हात पकडून त्याला पुढे फेकतो. अक्षरशः फेकतो. फेकलेला शर्यतीत जातो, फेकणारा वर. एका वेळी जोडीतला एकच मोजला जातो.

माझा जोडीदार वीर सबनीस. त्याचे आईबाबा ब्रॅकनेलला असतात. तो इथेच जन्मला, त्यामुळे "माझा आई" आणि "तुझी डोका" असं बोलतो, आणि मी दुरुस्त केलं की म्हणतो, "ओके, मास्तर." आम्ही दोघं एका खोलीत राहतो. पत्ता मुद्दाम लिहीत नाही.

दहा जोड्यांत आम्ही सहावे आहोत. येत्या शनिवारी, बावीस तारखेला, शेवटची फेरी. पहिल्या सहा जोड्यांना लीग पुढच्या वर्षाचा करार देते, बाकीच्यांना आभाराचं पत्र. जोडीतला एक नसेल तर जोडीच बाद, बदली खेळाडू चालत नाही. म्हणजे मी ठीक असेन तर वीरही ठीक.

आणि मी ठीक आहे. डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. हा कोणता ट्रॅक? आज वार कोणता? ही कितवी शर्यत? मागची कोणी जिंकली? सगळी उत्तरं बरोबर आली. शनिवारी उतरण्याआधी त्या पुन्हा एकदा तपासतील. काही वाटलं तर सांग, म्हणाल्या. काही वाटलं तर सांगेन.

बाबांना नमस्कार. त्यांना पडल्याचं सांगू नकोस.

अनय

बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपारी सव्वातीन

आई,

तुझे आठ फोन आले, ते दिसले. उचलले नाहीत, कारण फोनवर मी इंग्रजीत जातो.

तुझा मेसेज वीरने मोठ्याने वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, पण तू रोमन अक्षरांत लिहिलंस ते बरं झालं. "उलटी झाली का? किती वेळा? झोपेतून हलवून उठवणारं कोणी आहे का? पत्ता दे." वाचून झाल्यावर तो म्हणाला, "युअर मम इज स्केअरी, यार. माझा आई फक्त जेवला का विचारते."

उत्तरं देतो. उलटी एकदा झाली, रविवारी. पण त्याआधी मी अंडी खाल्ली होती आणि ती जुनी असावीत. वीरने तीच खाल्ली, त्याला काही झालं नाही, पण त्याचं पोट वेगळं आहे. झोपेतून उठवायला वीर आहे. तो मला दर वेळी लाथेने उठवतो, म्हणजे काळजीचं कारण नाही.

आता मी तुला एक प्रश्न विचारतो, डॉक्टर म्हणून. पहिल्या पत्रात हे लिहिलं नव्हतं.

आम्ही पडतो तेव्हा पाय पॅडलच्या पट्ट्यात अडकलेले असतात. ते सोडवायला जोडीदार सगळ्यांच्या आधी पोचतो. पट्टा सोडवायला वाकला की त्याचं तोंड आपल्या कानाशी येतं, आणि तेवढ्यात तो डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं सांगून टाकतो. हे सगळेच करतात. प्रश्न तेच असतात, सगळ्यांना पाठ आहेत. उत्तर चुकलं तर कित्येक दिवस बसवतात, आणि एकाला बसवलं की दोघं बसतात. सप्टेंबरात वीर पडला तेव्हा मी त्याला सांगितली होती. त्याला काहीच झालं नव्हतं, तो म्हणाला, "आय नो, आय नो, पट्टा सोड."

शनिवारी वीरने मला सांगितली. मला असं आठवतं: "स्ट्रॅटफर्ड. सॅटर्डे. चौथा रेस. मागचा बेल्जियन्सनी मारला. हस जरा." मग मी हसलो.

प्रश्न असा. मला उत्तरं आली ती माहीत होती म्हणून, की सांगितली म्हणून? चार दिवस मी हेच करतो आहे. डोळे मिटून वीरचा आवाज बाजूला काढतो आणि त्याच्याखाली माझं स्वतःचं काही आहे का ते शोधतो. मागच्या शर्यतीत बेल्जियमची जोडी जिंकली, हे मी बघितल्याचं चित्र दिसतं. पण ते चित्र मी नंतर काढलं असेल तर? चित्रात त्यांच्या जर्सी हिरव्या आहेत. वीर म्हणतो, त्यांच्या जर्सी काळ्या होत्या.

असं एखाद्याला होऊ शकतं का? उलटीचं सोडून दे. एवढंच कळव.

काल दुधाची बाटली मोज्यांच्या खणात सापडली. वीर म्हणतो ती मी ठेवली. असेलही.

इथल्या हॉस्पिटलात का जात नाहीस, असं तू विचारशील. गेलो तर ते लिहून ठेवतील आणि ते लीगला कळेल. आणि तुझ्याकडे का येत नाहीस म्हणशील, तर ए-लेव्हलची परीक्षा चार महिन्यांवर असताना मी शाळा सोडली तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "जायचं तर जा. पण पडलास तर माझ्या ए अँड ईमध्ये येऊ नकोस." बाबा म्हणाले, सुमन, पुरे. तू म्हणालीस, पुरे नाही. मी तुझं ऐकलेलं आहे, तुझ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात आलो नाही, इतकंच.

अनय

गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटे

आई,

आज सकाळी सराव होता. अर्ध्या तासाची खोटी मॅडिसन, सहा जोड्या. आमचे मॅनेजर कीथ आत मध्यभागी उभे राहून लॅप मोजतात.

पहिला काही वेळ बरं चाललं. हात आपोआप हात शोधतो, त्यात डोकं लागत नाही. मग मी वर फिरत होतो. दम परत आला होता. खालून शिट्टी ऐकू आली. मला वाटलं दुसऱ्या कोणासाठी असेल. समोर बघतो तर पलीकडच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर, वीर फिरत होता. तोही आरामात. त्याने हात हलवला, म्हणून मीही हलवला.

मग तो ओरडला, "ओय! तू वर काय करतोस?"

"तू वर काय करतोस?" मी म्हणालो.

खाली पाच जण पळत होते. आमच्या जोडीचं शर्यतीत कोणीच नव्हतं.

कीथ काही रागावले नाहीत. घड्याळ बंद केलं (ते माझ्या हिशोबापेक्षा अडीच मिनिटं पुढे होतं) आणि म्हणाले, "जंटलमेन, मी सहज विचारतो. तुमच्यापैकी आज माझ्याकडे कामाला कोण आहे?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला कळत नव्हतं की चूक कोणाची.

कपडे बदलताना वीरला विचारलं. "तुला फेकलं होतं ना मी?"

"फेकलं. मग मी तुला फेकलं. तू दोन लॅप मस्त मारला. मी खाली आलो, हात मागे केला, आणि तू माझ्या बाजूने वर निघून गेला. हात न घेता. असं... लाइक, तू घरी आला."

"माझी अडीच मिनिटं कुठे गेली मग?"

"मला काय विचारतो, मी काय खिशात ठेवली?" तो म्हणाला. मग दार लावून माझ्याजवळ बसला. "लिसन. तुला एक सांगतो. सॅटर्डेला मी तुझ्या कानात पाचवा रेस म्हणालो होतो. आय पॅनिक्ड. तुझ्या नाकातून रक्त येत होता. आणि तू डॉक्टरला चौथा म्हणाला. चौथाच होता! सी? म्हणजे तुझी डोका चालू होती. तुला स्वतःला माहीत होता. यू पास्ड, बॉस. आजचा काय, झोप नाही म्हणून."

"पण मला आठवतं की तू चौथा म्हणालास."

"तुझ्या आठवणीला कोण विचारतो," वीर हसत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या बुटांना नाडी नसते, पट्टा असतो.

नाकातून रक्त आलं होतं हे मला आजच कळलं. नाही तर तुला कळवलं असतं.

आता मी असा विचार करतो. वीर खरं सांगत असेल, तर शनिवारी मी शुद्धीत होतो, पण मग "चौथा" हा त्याचा शब्द मला आठवतो तो माझ्या डोक्याने नंतर घातला. वीर खरं सांगत नसेल, तर माझी आठवण खरी, पण मग मी शुद्धीत होतो याला काही आधार नाही, आणि वीर मला शनिवारी उतरवण्यासाठी खोटं बोलतो आहे. तीन वेळा मांडून बघितलं. कुठल्याही बाजूने मांडलं तरी माझं डोकं तरी खोटं पडतं, नाही तर वीर. वीर खोटा पडावा असं मला वाटत नाही. तो उतरला नाही तर त्याचे बाबा त्याला रीडिंगला त्यांच्या ऑफिसात बसवणार आहेत, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या खात्यात. त्याला साधा प्रिंटर सुरू करता येत नाही.

परवा डॉक्टरबाई तेच प्रश्न विचारतील. मला उत्तरं आत्ताच पाठ आहेत. स्ट्रॅटफर्ड, शनिवार, आणि पहिली शर्यत व्हायची आहे. मी नक्की पास होणार. याचीच मला भीती वाटते आहे, की याचा आनंद होतो आहे, हेही कळत नाही.

मला कोणीतरी असे प्रश्न विचारायला हवेत, जे वीरला माहीत नाहीत.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घेऊनच येतो.

अनय

शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, रीडिंग

आई,

तू ड्यूटीवर आहेस. बाबा खाली आवाज बंद करून क्रिकेट बघत आहेत. माझ्या खोलीचे पडदे तू सांगितल्याप्रमाणे ओढलेले आहेत, फटीतून उजेड येतो तेवढ्यात लिहितो आहे. वीस मिनिटांच्या वर लिहू नकोस म्हणाली होतीस. गजर लावला आहे.

काल काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मला यायला उशीर झाला, कारण मी ट्वायफर्डला उतरलो. स्टेशनच्या बाहेरही आलो आणि डावीकडे वळलो, आपल्या घराकडे वळतात तसा. समोर आपला रस्ता नव्हता. परत आत जाऊन चहा घेतला आणि बाकावर बसलो. दोन गाड्या जाऊ दिल्या, कारण आपलं स्टेशन पुढे आहे की मागे, हे ठरत नव्हतं. शेवटी एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढचंच, लव्ह. ही गाडी तिथेच संपते, तू चुकूच शकत नाहीस."

तू दार उघडलंस तेव्हा मी काय म्हणालो ते मला आठवतं. मी म्हणालो, "तू ए अँड ईमध्ये येऊ नकोस म्हणाली होतीस."

"मग? घरी येऊ नकोस म्हणाले होते का? बूट काढ."

तू माझ्या डोळ्यांत टॉर्च मारलास, मान दाबून बघितलीस, नाकावर बोट ठेवायला लावलंस. हे सगळं उभ्या उभ्या, पलीकडे वरण उकळत होतं. मग ओट्याशी पाठ करून म्हणालीस, "पाच शब्द सांगते. कोयंडा, जिरं, छत्री, वकील, टेकडी. लक्षात ठेव." मग महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावलेस. आकडे उलटे म्हणायला लावलेस. मावशीच्या नव्या घराचं काहीतरी सांगितलंस. आणि मध्येच, "शब्द?"

मी पाचही सांगितले. क्रमाने.

"पास," तू म्हणालीस.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलोच. "म्हणजे उद्या उतरू?"

तू गॅस बंद केलास. "सगळी उत्तरं येत होती तर आलास कशाला?"

उत्तर होतं, पण तोंडाने सांगता येईना. तू नाही म्हणावंस म्हणून आलो होतो. तू नाही म्हणालीस की मी भांडलो असतो, दार आपटलं असतं, आणि वीरला सांगितलं असतं की आई सोडत नाही. मी गाडीत ते भांडण दोन्ही बाजूंनी तयार करून आणलं होतं.

तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणून विचारशील तर नको. उजेड टोचतो, उलटी झाली, अडीच मिनिटं हरवली. अशा डोक्याला दुसरा मार बसला तर मेंदू सुजतो, आणि मग आमच्या हातात वेळ उरत नाही. मी पाहिलं आहे. पण तुझ्या मॅनेजरला फोन मी करणार नाही, अनय. मी केलेला फोन तू जन्मभर माझ्या नावावर लिहून ठेवशील. फेब्रुवारीतलं लिहून ठेवलंच आहेस, तारखेसकट."

मग तू वरणाला फोडणी दिलीस. ती करपली. आपल्या घरी फोडणी करपलेली मला आठवत नाही. तू तेच वरण वाढलंस आणि आपण तिघांनी ते खाल्लं.

तू झोपायला गेल्यावर मी दोन फोन केले, असं तुला वाटत असेल. तसं झालं नाही. रात्री मला जमलं नाही. आज सकाळी तू गाडी काढत होतीस तेव्हा केले, खिडकीतून तुझे मागचे दिवे दिसत होते.

कीथना सांगितलं. उलटी, दूध, ट्वायफर्ड, सगळं. ते म्हणाले, "बरं केलंस, पोरा." आणि लगेच, "वीरला तू सांगशील की मी?" मी म्हणालो, मी सांगेन.

वीर म्हणाला, "तुझी मम नाही म्हणाली?"

"नाही. तिने मला पास केलं. मीच नाही म्हणतो आहे."

तो म्हणाला, "ती नाही म्हणाली असती तर मी तिला शिव्या दिला असता. आता कोणाला देऊ?"

"मला दे."

"थांब." मग त्याने दिल्या. मराठीत, पंजाबीत आणि इंग्रजीत. शिव्या देताना त्याचं मराठी कधीच चुकत नाही. मी सगळ्या ऐकून घेतल्या. दम लागून थांबला तेव्हा मी विचारलं, "खरं सांग. चौथा म्हणाला होतास की पाचवा?"

"आय डोन्ट नो, मॅन," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तू डोळे उघडे ठेवून पडला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी काय बोललो मला काय माहीत. पाचवा म्हणालो असेन अशी मी स्वतःलाच समजूत घातला. मग ते खरं वाटायला लागला."

आत्ता स्ट्रॅटफर्डला पहिली शर्यत सुरू झाली असेल. नऊ जोड्या. वीर गेला आहे, असं कीथनी कळवलं. बदली चालत नाही हे त्याला माहीत आहे, तरी बूट आणि हेल्मेट घेऊन गेला आहे. मी त्याच्यासोबत जायला हवं होतं, की त्याला मी सोबत नको होतो म्हणूनच तो मला न विचारता गेला, हे मला कळलेलं नाही.

काल जेवताना बाबांनी पैशांचं विचारलं आणि मी विषय बदलला. तुम्ही दोघं वाचाल म्हणून खाली लिहितो.

कालचा खर्च: गाडी, तेरा पाउंड चाळीस. ट्वायफर्डला चहा, दोन पाउंड साठ.
लीगकडून येणं: नोव्हेंबरचा पगार, नऊशे. त्यानंतर काही नाही.
वीरला देणं: डिसेंबरचं माझ्या वाट्याचं भाडं, चारशे पंचाहत्तर.
वीरला देणं, दुसरं: त्याचं पुढचं वर्ष. बारा गुणिले नऊशे, दहा हजार आठशे. त्याला विचारलं तर तो म्हणेल हे देणं नाही. मी विचारलेलं नाही.